बारवेतून वर आलेला रामकिसन

रामकिसन बारवेतून वर आला, ओल्या पायजम्यानं पायऱ्या चढला आणि सगळ्यात आधी बायकोच्या पाया पडला. तिथंच आवडाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

सारा जन्म त्या माणसाबरोबर गेला होता. भाकरी जरा करपली तर ताट बाजूला सारणारा, चूक कुणाचीही असो, आवाज आधी चढवणारा, आणि मग बाजारातून शेव आणून गुपचूप फडताळात ठेवणारा तिचा नवरा. तो चारचौघांत ‘रामकृष्णहरी’ म्हणत तिच्या पायांवर डोकं टेकवील? निखाऱ्यावर पाय पडावा तसे तिनं दोन्ही पाय मागं घेतले. गळ्यात वीणा होती, ती छातीशी घट्ट धरली आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली. भोवतीच्या लोकांनी गजर केला, कुणी गुलाल उधळला, कुणी बिडकीनला पेढे आणायला गाडी पिटाळली. त्या आनंदाच्या कल्लोळात एकट्या आवडाबाईच्या अंगावर काटा उभा होता.

ती बारव साधी राहिली नव्हती, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बिडकीनच्या पलीकडं, नव्या रुंद रस्त्यांच्या आणि पत्र्याच्या शेडांच्या मधे अंग चोरून बसलेलं त्यांचं गाव. देवळामागं जुनी बारव. गेल्या उन्हाळ्यात तिचं पाणी आटलं आणि खाली तळ लागायच्या ऐवजी भलतंच काही लागलं. तिथं काही म्हणून काही ठरत नव्हतं. बघता बघता पाण्याची वाळू व्हायची, वाळूच्या साळुंक्या, साळुंक्यांचा धूर, धुराचं झुळझुळीत हिमरूचं कापड, आणि कापडाला हात लावावा तर सीताफळाच्या बिया घरंगळायच्या. वर कुठलं आणि खाली कुठलं याचाही पत्ता नाही. एकदा पाऊस खालून वर पडला आणि कठड्याला टेकून बघणारी माणसं हनुवटीकडून भिजली. शहरातून साहेबलोक आले, त्यांनी मोजपट्टी आत सोडली. वर ओढली तर हातात पडवळ. त्यांनी पिवळ्या पट्ट्या बांधल्या, धोक्याची पाटी ठोकली आणि जीप वळवली. सकाळी बघावं तर पाटीवरची अक्षरं मुंग्या होऊन निघून गेलेली. गावानं त्या खालच्या जगाला नाव दिलं, घुसळण.

घुसळण पायरी पायरीनं वर सरकत होती. तिला अडवायची युक्ती सापडली ती तात्यासाहेबांना. तात्यासाहेब म्हणजे गावचा सप्ताह ज्यांच्या खांद्यावर चालतो ते म्हातारे गृहस्थ. त्यांच्या ध्यानात आलं, की माणूस एकचित्तानं नाम घेत जिथं उभा राहतो, तिथली पायरी पायरीच राहते. मग सप्ताहातला वीणेचा पहारा त्यांनी देवळातून उचलून बारवेत नेला. वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, आणि अखंड नाम चालू. घुसळण जागच्या जागी थबकली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

पण चित्त म्हणजे चित्त. रामकिसनच्या पहाऱ्यात एका दुपारी त्याचं लक्ष कुठं गेलं कोण जाणे. पायाखालच्या दगडाची दुधावरच्या सायीसारखी सुरकुती झाली, आणि तो गेला. जाता जाता त्यानं तेवढी वीणा वर भिरकावली. ती तात्यासाहेबांनी झेलली.

त्यानंतर पहाऱ्याला माणूस मिळेना. कुणाचा ट्रॅक्टर बिघडला, कुणाच्या मेव्हण्याची सुपारी फुटायची होती. तात्यासाहेबांचे गुडघे थरथरायला लागले तेव्हा आवडाबाई पदर खोचून पुढं झाली. त्या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नव्हती. तात्यासाहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा रिकाम्या पायऱ्यांकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं वीणा तिच्या गळ्यात घातली. ती उभी राहिली. ओठांवर देवाचं नाव होतं. मनात मात्र, देवानं क्षमा करावी, नवराच होता. त्याची चाल, त्याचं खाकरणं, मोटार वाइंडिंगच्या दुकानातून येताना त्याच्या हातांना येणारा व्हार्निशचा वास.

आणि तेच आता तिला खात होतं. कारण घुसळणीची आणखी एक खोड सगळ्यांना माहीत होती. तिच्या काठावर उभं राहून ज्याचा ध्यास घ्यावा, ते तिथं आकाराला यायचं. खुद्द तात्यासाहेबांना पहाऱ्यात मेलेला बैल आठवला होता, तर खालून शिंगं वर आली होती.

मग वर आला तो रामकिसन, की आपल्याच मनानं घडवलेलं सोंग? आणि सोंग असेल, तर खरा अजून खालीच असणार. ध्यानात ठेवणारं कुणी आहे तोवर तो तिथं टिकणार. उद्या आपण या सोंगाला नवरा म्हणून जेवू घातलं, तर खऱ्याची आठवण काढायला कोण उरलं? तो तिकडं बियांमध्ये, धुरात विरून जायचा.

‘माणूस आला, आता कशाला उभं राहायचं?’ म्हणत लोकांनी वीणा देवळात खुंटीला लावली. आवडाबाई त्या माणसाला घेऊन घरी आली. पुढं तो, मागं ती, आणि नजर त्याच्या पाठीत रुतलेली.

घरी त्याची थोरली बहीण कडूबाई मीठ-मोहरी घेऊन दारातच उभी होती. तिनं भावाची दृष्ट काढली, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आवडाबाईनं त्याला ओसरीवर घोंगडी टाकून दिली.

“काय गं आवडे,” कडूबाई कडाडली, “भाऊ माझा काळाच्या तोंडातून परत आला आन् तू त्याला पावण्यावानी ओसरीवर बसवतीस? आतला पलंग कुणासाठी राखलाय?”

“आक्का, हळू बोला. तुमाला त्याच्यात काही येगळं दिसत न्हाई?”

“दिसतंय की. वाळलाय. खाली कुणी भाकरी थापून दिली नसंल.” मग तिच्या ध्यानात आलं. “आन् नवऱ्याला ‘त्याच्यात’? अरेतुरे?”

“नवरा असला तर अवंजावं करीन.”

कडूबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

आवडाबाईनं पाण्याचा तांब्या देताना मुद्दाम त्याचा हात जवळून हुंगला. वास नव्हता. मनात आलं, बघा, व्हार्निश नाही. आणि तांब्या त्याच्या ओठाला लागतो न लागतो तोच भपकन वास आला, दुकान घरात शिरावं तसा. आपण शोधलं म्हणून आलं की काय हे?

मग तिनं त्याचा कान पाहिला. कानामागं तीळ होता. पण तो उजव्या कानामागं होता की डाव्या? तिला शंका आली, आणि पुन्हा पाहिलं तर तीळ डाव्या बाजूला. “आक्का, यांचा… याचा तीळ कुठल्या कानामागं?”

“उजव्या. बारशाला मीच पाह्यलाय पहिल्यांदा.” कडूबाईनं मान वाकवून भावाकडं पाहिलं. “हाय की उजव्याच.”

खरंच, उजव्याच. आवडाबाईनं डोळे चोळले.

रामकिसन घोंगडीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. बायकोचं बारीक नजरेनं न्याहाळणं त्याला कळत होतं. “आवडे,” तो म्हणाला, “असं ग्रामसेवकानं घरकुलाची पाहणी केल्यावानी बघू नको माझ्याकडं. अंगात कसंतरी व्हतं.”

“कसं व्हतं?”

“शिवण उसवल्यावानी.”

कडूबाईला आता राहवेना. तिनं पाटावर बैठक मारली. “थांब, मी इचारते. रामा, लहानपणी मळ्यात तू मला कशात कोंडलं व्हतं?”

“कणगीत. आन् झाकणावर तांबडा भोपळा ठेवला व्हता.”

“घे! हे तुला तरी ठावं व्हतं का गं?”

“मला न्हाई. पर तुमाला ठावं हाय,” आवडाबाई म्हणाली. “तुमी समोर बसल्यात. तुमच्या मनातलं उचललं असंल त्यानं.”

“मंग काय तर मी घराबाहेर जाऊन सवाल घालू?”

आवडाबाईनं फोनच लावला. लेक श्रेया उस्मानपुऱ्यात राहायची, शहरात नोकरी करायची. बाप आल्याचं ऐकून ती आधी रडली, मग आईची शंका ऐकून हसायला लागली. “बरं आई, पप्पांना विचार. दहावीला सराव परीक्षेच्या दिवशी मी रडत होते, तेव्हा त्यांनी मला कुठं नेलं?”

रामकिसनच्या तोंडावर पहिल्यांदा चोरटं हसू आलं. “दौलताबादला. किल्ल्याखाली बसून पेरू खाल्ले. आन् घरी येऊन सांगितलं, पेपर सोपा गेला.”

“म्हंजी पेपर दिलाच न्हवता?” आवडाबाई ओरडली.

“बरोबर आहे आई, हेच उत्तर,” फोनमधून श्रेया म्हणाली. “आता मी उद्याच निघते.”

बापलेकीचा लबाडपणा इतक्या वर्षांनी उघडा पडला, त्याचा राग येऊन आवडाबाई क्षणभर सगळं विसरली. मग पुन्हा मनानं उसळी घेतली. ज्या जागी वर-खाली ठरत नाही, तिथं लांब-जवळ तरी कुठलं ठरतंय? घुसळणीला उस्मानपुरा काय लांब आहे? उचललं असेल लेकीच्या मनातून. आणि असा विचार तिच्या मनात आला मात्र, समोर रामकिसनला ठसका लागला आणि त्याचा आवाज भलत्याच माणसाचा झाला, पातळ, फाटका.

“बघा, आक्का! ऐकलंत?”

“पाणी दे त्याला आधी!” कडूबाई खेकसली. “येड लागलंय तुला. एवढा कशाचा संशय?”

तेव्हा आवडाबाईनं मनातलं सांगितलं. “आक्का, तुमचा भाऊ कधी माझ्या पाया पडंल का? हा पडला. सगळ्यांसमोर.”

कडूबाई तिच्याकडं बघतच राहिली. “तुझ्या गळ्यात त्या वक्ताला काय व्हतं?”

“वीणा.”

“मंग तो तुझ्या पाया कुठं पडला? विणेकऱ्याच्या पडला! पहारा घ्यायला आलेला माणूस काय करतो? उभ्या जन्मात मंडपात बसून तू काय पाह्यलंस?” ती पुढं सरकली. “आन् तू वाकलीस का परत?”

“न्हाई. मी पाय मागं घेतले.”

“वीणा दिलीस?”

“न्हाई.”

“मंग पहारा सुटला कसा?”

नवरा बायकोच्या पाया पडतोय, एवढंच आवडाबाईला दिसलं होतं. पण संशय असा, की एका दारातून हाकलला तर दुसऱ्यातून आत. पाया पडण्याचा रिवाज तिलाही माहीतच होता. मग सोंगालाही तिच्याच मनातून तो कळला नसेल कशावरून?

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यासाहेबांनी देवळापुढं कीर्तन लावलं, गावावरचं संकट टळलं म्हणून. श्रेयाही शहरातून येऊन पोचली होती. आल्या आल्या बापाच्या गळ्यात पडली आणि आता बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. मंडपावर हिरवं कापड, समोर बुवा, त्यांच्या मागं टाळकऱ्यांच्या रांगा. मृदंगावर थाप पडली आणि टाळ असे वाजायला लागले, की मंडपातल्या हवेलाच घाम फुटावा. अशा वेळी ज्याचं मन खाली बसून राहील तो माणूस दगडच म्हणायचा. रामकिसन टाळकऱ्यांत उभा होता. आवडाबाई खांबाआड बसून फक्त त्याच्या हातांकडं बघत होती.

तिनं डोळे बारीक केले, तसा त्याचा टाळ चुकला. पितळेची कड शिळ्या भाकरीसारखी वाकलेली तिला स्पष्ट दिसली. शेजारच्या टाळकऱ्यानं चमकून पाहिलं. तेवढ्यात बुवांनी गजर वाढवला, सगळा मंडप उभा राहिला, आणि सवयीनं आवडाबाईचेही हात वर गेले, डोळे मिटले. काही काळ ती कुणाची बायको नव्हती, कुणाची आई नव्हती. आणि त्या मिटलेल्या डोळ्यांआड तिला सगळ्या टाळांमधून एक टाळ वेगळा ऐकू आला, सणसणीत, भरीव. तिनं डोळे उघडले. रामकिसनच वाजवत होता. कड सरळ होती.

खरं की भास? एवढं मनात येताच कड पुन्हा लोंबायला लागली.

तिनं घाईनं डोळे मिटले. टाळ पुन्हा खणखणला. उघडले, शंका आली, बिघडला. हे बाहेर कुठं घडत नव्हतं. हे तिच्या नजरेनं घडत होतं. पण त्यातून ठरत काय होतं? तो तिच्या मनाचा बनलेला असेल तर तिच्या मनानं बिघडणारच. आणि खरा असून पुरता पोचला नसेल, पहारा अर्धाच राहिल्यानं दोन जगांच्या मधे लोंबकळत असेल, तरीही असंच होणार. दोन्ही बाजूंनी हिशेब सारखाच जुळत होता.

ती मान खाली घालून विचार करत राहिली. वर पाहिलं तेव्हा टाळकऱ्यांत एक जागा रिकामी होती.

बाहेर ऊन रखरखत होतं. रामकिसन बारवेच्या पायऱ्या उतरताना दिसला. वीणा खुंटीला गेल्यापासून घुसळण कुणाच्या नकळत पुन्हा वर आली होती. मधल्या टप्प्यावरच्या दगडांचं ताक झालं होतं, ताकाची चुनखडी होत होती. आवडाबाई देवळात धावली, खुंटीवरची वीणा काढून गळ्यात घातली आणि अनवाणीच त्याच्या मागं उतरली.

“कुठं चाललास?”

“खाली.” त्यानं हात पुढं केला. बोटांची टोकं झिरझिरीत झाली होती, पलीकडचा दगड दिसत होता. “तुझ्या नजरेनं मी गळत चाललोय, आवडे. तू खोटा म्हणतीस आन् माझं काहीतरी कमी व्हतं. तुझ्या डोळ्यांदेखत सगळाच गळून जाण्यापरीस खाली गेलेलं बरं.”

“सोंग असतं तरी हेच बोललं असतं.”

रामकिसननं त्यावर खरंच विचार केला. “व्हय,” तो म्हणाला. “हेच बोललं असतं. मला तरी काय ठावं? खाली मी कितींदा माती झालो, कितींदा धूर झालो. वरून कुणाची तरी हाक आली की परत रामकिसन व्हायचो. त्यातला पहिला रामकिसन कंचा, ते मलाबी सांगता यायचं न्हाई.”

आवडाबाई थबकली. ‘मीच खरा’ असं तो शपथेवर म्हणाला असता, तर तिच्याकडं उत्तर तयार होतं. यावर नव्हतं.

खालची चुनखडी आता फडफडायला लागली होती. रामकिसन एक पायरी उतरला, मग थांबला, वळला. तिच्या गळ्यातली वीणा त्याला दिसली. समोर वीणा असताना पाठ फिरवून जायचं कसं? तो वाकला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. कपाळाला जेमतेम वजन होतं, वाळलेलं पान पडावं तेवढं.

शंका होतीच. ती काही कुठं गेली नव्हती. पण आवडाबाईला एकाएकी मंडपातली ती सगळी माणसं आठवली, ज्यांच्या पायांवर आजवर ती डोकं ठेवत आली होती. कोण कुठला, कुणाचा, मनात काय घेऊन आलेला, तिनं कधी कुणाला विचारलं होतं? माणूस समोर आला, ती वाकली. त्या पायांत देव आहे एवढं धरून चालली. मग याच एका माणसाकडून पुरावा कशाला हवा होता तिला?

तिनं पाय मागं घेतले नाहीत. तो उठला तशी ती वाकली. वीणा एका हातानं सावरत, गुडघे टेकत, त्याच्या पायांवर कपाळ ठेवलं. पाय गार होते, टाचांना भेगा होत्या. त्या भेगा आधीच्याच की नव्या, हे तिनं पाहिलं नाही. मग उठून गळ्यातली वीणा काढली आणि त्याच्या गळ्यात घातली.

“पहारा तुमचा,” ती म्हणाली.

रामकिसननं तार छेडली, नाम सुरू केलं. आधी आवाज फाटलेलाच होता, मग बसला, मग सरळ झाला. खालची फडफड मंदावली आणि तिच्यातून एक दगड वर आला, कडा झिजलेला, शेवाळलेला. त्याच्याखालून आणखी एक. तो त्या पायरीवर उतरला आणि पाय रोवून उभा राहिला.

“मी इथंच बसते,” आवडाबाई वरून म्हणाली. “लक्ष ठेवायला.”

त्यानं मानेनंच ‘बस’ म्हटलं.

ती कठड्याला टेकून बसली. बोटं बघायची होती, आवाज ऐकायचा होता, पावलाखालचा दगड बघायचा होता. देवळाकडून टाळांचा आवाज येत होता, खालून त्याचं एकसुरी नाम. कितीतरी काळ तिनं पापणीला पापणी लावली नव्हती. सावली तिच्या अंगावर सरकली, आणि डोकं कठड्यावर कधी कललं, तिला कळलंच नाही.

“अगं ए, राखणीला बसलीस का घोरायला?”

कडूबाई हलवत होती. आवडाबाई दचकून ताठ बसली. आपण झोपलो! इतका वेळ त्याच्यावर कुणाचीच नजर नव्हती, ध्यानात धरून ठेवणारं कुणी नव्हतं. खाली बघायचा तिला धीर होईना. तिनं आधी कडूबाईच्या तोंडाकडं पाहिलं, मग हळूच पायऱ्यांकडं.

रामकिसन तिथंच उभा होता, दगडावर, दोन्ही पायांवर. त्याच्या नाकावर माशी बसली होती. हात वीणेत गुंतलेले, नाम तोडता येत नाही, म्हणून दोन नामांच्या मधे तो खालचा ओठ पुढं काढून तिच्यावर फुंकर मारत होता. माशी हलत नव्हती.

आवडाबाई उठली, पायऱ्या उतरली आणि पदराच्या टोकानं ती हाकलली. माशी एक गिरकी घेऊन पुन्हा नाकावरच येऊन बसली.